प्रोटीन कार्बोनिल मोजताय? डीएनपीएच टाकायच्या आधीचं काम नीट करा

एमएस्सीच्या डिझर्टेशनला मला रॅट लिव्हरमधलं प्रोटीन कार्बोनिल, म्हणजे ऑक्सिडेशनने प्रोटीनवर उरणारे अल्डिहाइड-कीटोन गट, मोजायचं होतं. कंट्रोल आणि ट्रीटेड, दोन्ही ग्रुपची रीडिंग्ज सारखीच, आणि दोन्ही भरमसाट. तीन आठवडे मी तेच तेच करत राहिले, डीएनपीएच (डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिन, कार्बोनिलला चिकटून पिवळा रंग देणारं रसायन) नवीन बनवलं, टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, प्रोटीन खाली बसवणारं) नवीन बनवलं, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर संशय घेतला, काही फरक पडेना. शेवटी सापडलं की चुका दोन होत्या आणि दोन्ही डीएनपीएचला हात लावायच्या आधीच्या. लिव्हर होमोजिनाइज केल्यावर मी ते बेंचवर तसंच ठेवून बाकीच्या ट्यूबांना लेबलं लावत बसायचे, बर्फ नाही, बफरमध्ये चिलेटर (धातूला धरून ठेवणारं रसायन) नाही, आणि लिव्हरमध्ये तर लोखंड भरपूर. दुसरं म्हणजे काचेच्या ट्यूबा पटकन वाळाव्यात म्हणून शेवटी ॲसिटोनने विसळून घ्यायचे. ॲसिटोन म्हणजे स्वतःच एक कार्बोनिल, ते डीएनपीएचबरोबर लगेच रिॲक्ट होतं!

म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितेय. प्रोटोकॉल सगळ्यांकडे असतो, झेरॉक्स असते, पण रॅडिकल नक्की काय करतं हे डोक्यात नसेल तर कुठली स्टेप कशासाठी आहे ते कळत नाही आणि मग नेमकी तीच स्टेप आपण घाईत उरकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रोटीन ऑक्सिडाइज व्हायला रोग किंवा म्हातारपणच लागतं असं नाही, आपल्या हातातल्या ट्यूबमध्येही ते होतं, आणि ते आधी थांबवल्याशिवाय मोजण्याला अर्थ नाही.

तर आधी रॅडिकल. ज्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीदाराशिवाय आहे असा अणू किंवा रेणू म्हणजे फ्री रॅडिकल. सगळी रॅडिकल्स सारखी तापट नसतात हे पहिलं लक्षात घ्या. सुपरऑक्साइड तसं मंद आहे, बहुतेक अमिनो ॲसिड्सना ते थेट फारसं काही करत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड तर रॅडिकलच नाही, पण ते पेशीभर फिरू शकतं आणि तीच गडबड आहे. फिरत फिरत ते फेरस लोखंडाजवळ आलं की इलेक्ट्रॉन घेऊन फुटतं आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. हीच ती फेंटन रिॲक्शन. केंब्रिजमध्ये हेन्री फेंटनने १८९४ मध्ये ती सविस्तर लिहिली, आणि कशावर तर टार्टारिक ॲसिडवर, म्हणजे आपल्या चिंचेत जे असतं तेच. त्यात थोडं फेरस मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं, मग अल्कली घातली, की जांभळा रंग येतो हे त्याला विद्यार्थी असतानाच, १८७६ मध्ये दिसलं होतं. प्रोटीनचा त्यात काही संबंधच नव्हता तेव्हा, पण आज आपण प्रोटीनबद्दल जे वाचतो त्याच्या मुळाशी ती ट्यूब आहे.

हायड्रॉक्सिल रॅडिकल मात्र कुणालाच सोडत नाही. ते जगतं साधारण नॅनोसेकंदाच्या हिशोबाने, त्यामुळे जिथे जन्मलं तिथून काही नॅनोमीटरच्या आतच कुणावर तरी आदळतं. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, याचा अर्थ असा की लोखंड किंवा तांबं प्रोटीनला जिथे चिकटलंय तिथलीच अमिनो ॲसिड्स आधी मार खातात. अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत अर्ल स्टॅडमन आणि रॉडनी लेव्हाइन यांच्या गटाने ई. कोलायच्या ग्लुटामिन सिंथेटेजवर हे दाखवलं. अख्ख्या एन्झाइममध्ये हिस्टिडिन २६९ आणि आर्जिनिन ३४४ हीच मुख्य टार्गेट्स निघाली, दोन्ही मेटल बसतो त्या जागेजवळची, आणि तेवढ्यावर एन्झाइम निकामी. अख्खं प्रोटीन सडायची गरज नाही.

आता कुणाचं काय होतं ते बघू. हायड्रॉक्सिल रॅडिकलच्या वेगाचा विचार केला तर ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, सिस्टीन, मेथिओनिन, हिस्टिडिन ही पटकन सापडणारी मंडळी, आणि ग्लायसिन ट्रिप्टोफॅनच्या सात-आठशे पट मागे. सिस्टीन आणि मेथिओनिनमध्ये सल्फर आहे, त्यामुळे हायड्रॉक्सिलच कशाला, सौम्य ऑक्सिडंटसुद्धा त्यांना पुरतो. सिस्टीनचं आधी सल्फेनिक ॲसिड होतं किंवा शेजारच्या सिस्टीनशी डायसल्फाइड बंध, हे परत फिरवता येतं. पुढे सल्फिनिक आणि मग सल्फोनिक झालं की सल्फोनिकवरून परत यायची वाट नाही. मेथिओनिनचं सल्फॉक्साइड होतं, वजन १६ डाल्टनने वाढतं, आणि पेशीकडे ते दुरुस्त करायला मेथिओनिन सल्फॉक्साइड रिडक्टेज नावाची खास एन्झाइम्स आहेत. एकच मेथिओनिन किती महाग पडतं याचं उदाहरण म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. फुप्फुसात इलास्टेजला आवरून धरणारं हे प्रोटीन, त्याचं ३५८ नंबरचं मेथिओनिन सिगरेटच्या धुरातल्या ऑक्सिडंट्सनी सल्फॉक्साइड झालं की इलास्टेजवरची त्याची पकड जाते आणि इलास्टेज मोकाट सुटून फुप्फुसाचंच इलास्टिन खायला लागतं. एक ऑक्सिजन अणू, बस.

ट्रिप्टोफॅनची रिंग उघडून एन-फॉर्मिलकायन्युरेनिन होतं, नंतर कायन्युरेनिन. टायरोसिनचं रॅडिकल होऊन दोन टायरोसिन एकमेकांना चिकटले की डायटायरोसिन, ते फ्लुओरेसन्सला चमकतं. पेरॉक्सिनायट्राइट असेल तर नायट्रोटायरोसिन. फिनाइलअलानिनवर हायड्रॉक्सिल बसलं की ऑर्थो, मेटा आणि पॅरा टायरोसिन, हिस्टिडिनचं २-ऑक्सोहिस्टिडिन. हे सगळं पाठ करायची गरज नाही, पण पुढचं मात्र करा. लायसिन, आर्जिनिन, प्रोलिन आणि थ्रिओनिन या चौघांच्या साइड चेनवर ऑक्सिडेशन झालं की अल्डिहाइड किंवा कीटोन उरतो. लायसिनचं अमिनोॲडिपिक सेमीअल्डिहाइड, आर्जिनिन आणि प्रोलिनचं ग्लुटामिक सेमीअल्डिहाइड, थ्रिओनिनचं कीटो रूप. हाच तो कार्बोनिल, आणि डीएनपीएच यालाच पकडतं.

पाठीचा कणा, म्हणजे पेप्टाइड बॅकबोन, तोही सुटत नाही. अल्फा कार्बनवरचा हायड्रोजन रॅडिकलने ओढून नेला की कार्बनवर रॅडिकल येतं, ऑक्सिजन लगेच येऊन बसतो, पेरॉक्सिल, मग हायड्रोपेरॉक्साइड, मग अल्कॉक्सिल, आणि तिथे साखळी तुटते. ऑक्सिजन नसेल तर दोन कार्बन रॅडिकल्स एकमेकांना धरतात आणि क्रॉसलिंक होतो. म्हणून ऑक्सिडाइज केलेला बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) जेलवर चालवला की खाली तुकड्यांचा धूर आणि वर, सॅम्पल भरायच्या खाचेपाशी, अडकलेला पट्टा असं एकाच लेनमध्ये दिसू शकतं, घाबरू नका, दोन्ही खरं आहे.

यातून निघणारी एक गोष्ट जी व्हायव्हाला हमखास विचारतात. कार्बोनिल कमी आलं म्हणजे ऑक्सिडेशन झालं नाही असं नाही. सिस्टीन आणि मेथिओनिन सगळ्यात आधी जातात आणि ते कार्बोनिल देतच नाहीत. उलटही खरं, कार्बोनिल म्हणजे थेट रॅडिकलचाच मार असंही नाही. लिपिड पेरॉक्सिडेशनमधून निघणारी अल्डिहाइड्स प्रोटीनला येऊन चिकटतात, साखरेमुळे ग्लायकेशन होतं, आणि डीएनपीएचला त्यातला फरक कळत नाही. तुमचा प्रश्न एखाद्या मेथिओनिनचा असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्रीकडे जा, कार्बोनिलच्या नादी लागू नका.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात सॅम्पल काढण्यापासून.

टिश्यू असेल तर रक्त आधी थंड सलाइनने धुऊन काढा, जमत असेल तर परफ्युजन करूनच, म्हणजे रक्तवाहिन्यांतून सलाइन सोडून. हिमोग्लोबिनमध्ये लोखंड आहे हा एक भाग आणि हीमचा रंग ४०० नॅनोमीटरच्या आसपास जोरात येतो हा दुसरा, आपल्याला वाचायचंय ३७० ला, त्यामुळे हीमची सावली थेट आपल्या रीडिंगवर पडते. होमोजिनाइज बर्फावरच. बफर फॉस्फेटचा घ्या, पीएच ७.४. ट्रिस वापरला तर ट्रिस स्वतः हायड्रॉक्सिल रॅडिकल खातं, सॅम्पल वाचवायला ते चालेल पण तुम्ही मुद्दाम ऑक्सिडेशन करून बघताय अशा प्रयोगात ट्रिस असेल तर रिझल्ट फिका येईल आणि कारण शोधत बसाल. ग्लिसरॉल, मॅनिटॉल, डीएमएसओ यांचंही तेच.

चिलेटर टाका. बहुतेक ठिकाणी ईडीटीए हाताशी असतो म्हणून तोच टाकतात, पण लोखंड ईडीटीएला धरलेलं असतानाही फेंटन रिॲक्शन करू शकतं, तो फक्त प्रोटीनपासून लोखंड बाजूला काढतो. लोखंडाला खरंच गप्प बसवायचं तर डीटीपीए किंवा डेफेरॉक्सामिन चांगलं. माझ्याकडे आता होमोजिनायझेशन बफरमध्ये १ मिलिमोलर डीटीपीए कायम असतो. लिव्हर, मेंदू असे चरबीवाले टिश्यू असतील तर थोडं बीएचटी हे अँटिऑक्सिडंटही घाला म्हणजे लिपिड पेरॉक्सिडेशनची साखळी ट्यूबमध्ये चालू राहणार नाही. आणि डीटीटी, मर्कॅप्टोइथेनॉल ही थायॉल (सल्फर-हायड्रोजन गट असलेली) रसायनं सवयीने टाकू नका! थायॉल आणि किंचित लोखंड आणि हवा हे तिन्ही एकत्र आले की पेरॉक्साइड तयार होतं, म्हणजे ज्याला आपण रक्षक समजतो तोच चोराला दार उघडून देतो.

होमोजिनेट झाल्यावर सेंट्रिफ्यूज करून सुपरनेटंटचं (वर राहिलेल्या द्रवाचं) २८० आणि २६० नॅनोमीटरच्या रीडिंगचं गुणोत्तर बघा. १ च्या खाली असेल तर न्यूक्लिक ॲसिड भरपूर आहे, आणि ते डीएनपीएचबरोबर खोटं कार्बोनिल दाखवतं. स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट शेवटी १ टक्का होईल इतकं घाला, १५ मिनिटं ठेवा, जो पांढरट गाळ येईल तो फिरवून टाकून द्या. ही स्टेप आमच्याकडच्या झेरॉक्सवर नव्हतीच, मी नंतर पेनाने लिहिली. सॅम्पल त्याच दिवशी वापरायचं नसेल तर छोट्या छोट्या भागांत उणे ८० ला ठेवा आणि एक भाग एकदाच वितळवा. लाइट गेली, फ्रीजर वितळला, परत गोठला, असं झालेलं सॅम्पल या कामाला धरू नका, मनाला कितीही लागलं तरी.

डीएनपीएचचं द्रावण. १० मिलिमोलर, २ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये. १०० एमएल ॲसिडसाठी तीव्र ॲसिड साधारण १७-१८ एमएल लागतं, पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. डीएनपीएच कोरडं असेल तर स्फोटक असतं, म्हणून बाटलीत ते पाण्याने भिजवलेलं येतं आणि तसंच ओलसर ठेवायचं. लेबलवर पाणी किती टक्के आहे ते बघून वजन धरा, कोरडं ०.१९८ ग्रॅम लागतं, पाणी ३० टक्के असेल तर ०.२८३ ग्रॅम घ्यावं लागेल. हे न बघितल्यामुळे कितीतरी जणांचं द्रावण १० मिलिमोलरचं नसतंच. अंधारात तास-दीड तास ढवळा, गाळून घ्या, बाटलीला फॉइल गुंडाळा. ग्लोव्ह्ज घाला, नाहीतर बोटं हळद लावल्यासारखी पिवळी होतात आणि ती हळदीपेक्षा जास्त दिवस टिकतात.

प्रत्येक सॅम्पलच्या दोन ट्यूबा करा, एक टेस्ट, एक ब्लँक, दोन्हींत सारखं, १ ते २ मिलिग्रॅम प्रोटीन. पॉलिप्रोपिलिनच्या मायक्रोफ्यूज ट्यूबा घ्या, पुढे इथाइल ॲसिटेट येणार आहे आणि ते पॉलिस्टायरिन विरघळवतं. टीसीए शेवटी १० टक्के होईल असं घालून प्रोटीन खाली बसवा, सुपरनेटंट काढून टाका. टेस्टमध्ये अर्धा एमएल डीएनपीएच, ब्लँकमध्ये अर्धा एमएल नुसतं २ मोलर ॲसिड. अंधारात रूम टेंपरेचरला एक तास, दर दहा-पंधरा मिनिटांनी व्हॉर्टेक्स. हा व्हॉर्टेक्स मन लावून करा, पेलेटचा (तळाशी बसलेल्या प्रोटीनचा) गोळा तसाच राहिला तर आतल्या प्रोटीनपर्यंत डीएनपीएच पोचत नाही.

मग अर्धा एमएल २० टक्के टीसीए, बर्फावर दहा मिनिटं, आणि ११,००० जीला पाच मिनिटं. पेलेट पिवळा दिसेल. यातला बराचसा पिवळा रंग मोकळ्या डीएनपीएचचा आहे, म्हणून धुणं आलं. इथेनॉल आणि इथाइल ॲसिटेट समप्रमाणात, १ एमएल, पेलेट काडीने किंवा टिपने फोडून घ्यायचा, दहा मिनिटं ठेवायचं, परत फिरवायचं, असं तीनदा. तिसऱ्या वेळचं द्रावण पांढऱ्या कागदासमोर धरा. अजून पिवळसर दिसत असेल तर चौथ्यांदा धुवा. ब्लँकची ट्यूबही तेवढ्याच वेळा धुवायची, तिथे काही पिवळं नाही म्हणून सोडायची नाही. सुपरनेटंट काढताना घाई केली तर पेलेटचा कण जातो, मी पिपेटची टिप पेलेटच्या समोरच्या भिंतीला लावून हळू ओढते.

धुतलेला पेलेट ६ मोलर ग्वानिडिन हायड्रोक्लोराइडमध्ये विरघळवा, त्यात २० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच २.३, १ एमएल. ३७ डिग्रीला पंधरा मिनिटं, मधे मधे व्हॉर्टेक्स. पेलेट फार कोरडा होऊ दिला असेल तर तो विरघळतच नाही, रबरासारखा होतो. जे विरघळलं नाही ते फिरवून बाजूला काढा. मग एकाच आकड्यावर न वाचता ३२० ते ४१० नॅनोमीटर असा स्कॅन घ्या, खरं कार्बोनिल असेल तर ३७० च्या आसपास टेकडी दिसते. टेकडी नसून नुसता उतार दिसत असेल तर ते गढूळपण आहे किंवा हीम आहे, त्या रीडिंगला कार्बोनिल म्हणू नका.

प्रोटीन परत मोजायचं, आणि तेही शेवटच्या ट्यूबमध्येच. इतक्या धुण्यात १०-१५ टक्के प्रोटीन सहज जातं, सुरुवातीचा आकडा धरलात तर हिशोब चुकतो. ब्लँक ट्यूबचं २८० ला रीडिंग घ्या, ग्वानिडिनमध्येच केलेल्या बीएसए स्टँडर्डवरून काढा. २८० ला क्वार्ट्झ क्युव्हेट लागेल, साधी काच चालत नाही.

हिशोब असा. मोलर ॲबसॉर्प्टिव्हिटी, म्हणजे डीएनपीएच लागलेला कार्बोनिल किती प्रकाश शोषतो तो आकडा, २२,०००. टेस्ट वजा ब्लँक समजा ०.०६६ आलं. २२,००० ने भागलं की ३ मायक्रोमोलर, म्हणजे एमएलला ३ नॅनोमोल. प्रोटीन एमएलला १.५ मिलिग्रॅम असेल तर २ नॅनोमोल प्रति मिलिग्रॅम. हा आकडा नुसता टेबलमध्ये टाकू नका, त्याचा अर्थ बघा. ५० हजार डाल्टनच्या प्रोटीनचे १ मिलिग्रॅममध्ये २० नॅनोमोल बसतात, म्हणजे २ नॅनोमोल कार्बोनिल म्हणजे सरासरी दर दहा रेणूंमागे एक जखम. ताज्या, नीट सांभाळलेल्या टिश्यूत आकडा साधारण याच आसपास फिरतो. कंट्रोलमध्येच ८-१० यायला लागलं तर आधी न्यूक्लिक ॲसिड, मग धुणं, मग ॲसिटोन, या क्रमाने शोधा.

पॉझिटिव्ह कंट्रोल प्रत्येक बॅचला असायलाच हवा. फॉस्फेट बफरमधल्या बीएसएमध्ये २५ मिलिमोलर ॲस्कॉर्बेट आणि १०० मायक्रोमोलर फेरिक क्लोराइड घालून ३७ डिग्रीला रात्रभर ठेवा, झाकण घट्ट नको, ऑक्सिजन लागतो. व्हिटॅमिन सी आणि ऑक्सिडेशन? हो. ॲस्कॉर्बेट फेरिकचं फेरस करत राहतं, फेरस ऑक्सिजनपासून पेरॉक्साइड बनवतं, आणि त्या दोघांतून हायड्रॉक्सिल, चक्र चालूच. मला स्वतःला अमिनो ॲसिड ऑक्सिडेशन खऱ्या अर्थाने कळलं ते इथे, जेव्हा एकाच बीएसएच्या दोन ट्यूबा, एकीत ॲस्कॉर्बेट एकटं आणि एकीत लोखंडासकट, सकाळी शेजारी शेजारी डीएनपीएचला लावल्या आणि धुतल्यावर दुसरीचाच पेलेट गडद पिवळा राहिला. सकाळी ईडीटीए घालून डायलिसिस करा, बफर दोनदा बदला, कारण ॲस्कॉर्बेटचे तुकडेही कार्बोनिलच असतात आणि ते राहिले तर आकडा फुगतो. बाटलीतल्या बीएसएतही थोडं कार्बोनिल असतंच, अगदी स्वच्छ निगेटिव्ह हवा असेल तर तो सोडियम बोरोहायड्राइडने रिड्यूस करून घ्या.

आणि थिसिसमध्ये लिहिताना "प्रोटीन ऑक्सिडेशन वाढलं" असं न लिहिता "एकूण प्रोटीन कार्बोनिल वाढलं" असं लिहा, सोबत ब्लँकसकट स्कॅन जोडा, आणि होमोजिनेट काढल्यापासून टीसीए घालेपर्यंत किती मिनिटं गेली ते मेथडमध्ये टाका. माझ्या वहीत आता प्रत्येक बॅचच्या वरच्या कोपऱ्यात तो वेळ लिहिलेला असतो, शेवटच्या बॅचला तो २२ मिनिटं आहे.